फोर-के मॉनिटर तीस हर्ट्झवर का अडतो?

नवा फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा, मॉनिटर लॅपटॉपला जोडला, जुना शेजारी लावला, चित्र आलं. पण माउसचा बाण अडखळत पळतो, किंवा अक्षरं फुगलेली दिसतात आणि हवं ते रेझोल्यूशन, म्हणजे आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, यादीतच सापडत नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी केबल बदलतात, मग ड्रायव्हर, आणि शेवटी मॉनिटरच उचलून दुकानात नेतात. माझं आग्रहाचं सांगणं असं, की खिशात हात घालण्याआधी स्क्रीन कोणता आकडा दाखवतेय तो नीट वाचा. गाडं कुठे अडलंय हे बहुतेक वेळा त्या आकड्यावरूनच कळतं.

विंडोजमध्ये तो सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले या वाटेने गेल्यावर दिसतो. प्रत्येक मॉनिटर निवडून त्याचं रेझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं जातात तो हर्ट्झमधला आकडा, कागदावर लिहून घ्यावा.

आता थोडा हिशेब. फुल एचडी चित्रात १९२० × १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. एका ठिपक्याच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं धरली तर गुणाकार ३ गिगाबिटच्या (एक गिगाबिट म्हणजे शंभर कोटी बिट) घरात जातो. फोर-केमध्ये ठिपके चौपट, म्हणून १२ गिगाबिट. प्रत्येक ओळीच्या आणि चित्राच्या शेवटी थोडा वेळ रिकामा सोडावा लागतो, तो धरला की साधारण १२.८. ही दर सेकंदाची वाहतूक आहे आणि लॅपटॉपपासून मॉनिटरपर्यंतच्या प्रत्येक टप्प्याला ती झेपली पाहिजे.

एचडीएमआय ही मॉनिटर जोडायची नेहमीची पद्धत; २००९ साली आलेल्या तिच्या १.४ आवृत्तीची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट. त्यातही दर ८ बिट पाठवायला तारेवर १० बिट खर्च होतात, म्हणून चित्राच्या वाट्याला ८.१६ च येतात. फोर-के ३० हर्ट्झला सुमारे ७ गिगाबिट लागतात, ते मावतात. ६० हर्ट्झ मावत नाही. २०१३ च्या एचडीएमआय २.० मध्ये ही क्षमता १८ गिगाबिट झाली आणि अडचण सुटली. पण सॉकेट दोन्हींचं हुबेहूब सारखं. गोव्यात रायबंदरच्या धक्क्यावर कितीही गाड्या उभ्या राहोत, चोडणला एका खेपेत फेरीबोटीत मावतील तेवढ्याच जातात. सॉकेट हा धक्का आहे. फेरीबोट कोणती लागलीय हे लॅपटॉपच्या तपशीलपत्रकातच बघावं लागतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो यूएसबी-सी हबपाशी, म्हणजे लॅपटॉपच्या एका छोट्या सॉकेटातून अनेक सॉकेटं काढून देणाऱ्या डबीपाशी. माझी भाची फोंड्यात घरूनच इमारतींचे नकाशे काढते. तिने हबला एक फोर-के मॉनिटर लावला होता आणि तो ६० हर्ट्झवर छान चालत होता. मग त्याच हबच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये फुल एचडी मॉनिटर लावला, आणि पहिला ३० वर घसरला. “मामा, कालपर्यंत तर नीट चालत होता, बिघडला की काय?” असं तिने विचारलं. बिघडलं काहीच नव्हतं.

यूएसबी-सीच्या त्या छोट्या तोंडात वेगवान वाहतुकीच्या चार मार्गिका असतात. हबला पेनड्राइव्ह आणि नेटवर्कसाठी वेगवान यूएसबीही द्यायची असेल, तर दोन मार्गिका तिला जातात आणि चित्राला दोनच उरतात. यूएसबी-सीमधून चित्र नेणाऱ्या डिस्प्लेपोर्ट पद्धतीच्या १.२ आवृत्तीच्या वेगाने त्या दोन मिळून ८.६४ गिगाबिट वाहतात, म्हणजे फोर-के ३० वरच अडणार. स्वस्त हबवर ‘फोर-के, ३० हर्ट्झ’ छापलेलं असतं ते बऱ्याचदा याचमुळे. डिस्प्लेपोर्ट १.४ च्या वेगाने १२.९६ वाहतात. फोर-केला हवेत १२.८, जेमतेम बसतं. त्यात फुल एचडीचे ३.३ मिळवा, बेरीज १६ च्या पुढे जाते. मग लॅपटॉप एका मॉनिटरचा वेग निम्मा करून दोघांनाही सामावून घेतो. भाचीच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. तिच्या लॅपटॉपला स्वतःचं एचडीएमआय सॉकेट होतं आणि ते रिकामंच पडलं होतं. फुल एचडी मॉनिटर तिथे हलवला आणि फोर-के लगेच ६० वर आला. एक रुपयाही लागला नाही.

तिसरा मॉनिटर अजिबातच उजळत नसेल तर केबलला दोष देऊ नये. एकाच वेळी किती वेगळी चित्रं तयार करायची हे ग्राफिक्स चिपमध्येच ठरलेलं असतं. इंटेलच्या ११ व्या पिढीच्या आधीच्या लॅपटॉप चिप जास्तीत जास्त तीन चित्रं देतात आणि त्यात लॅपटॉपची स्वतःची स्क्रीनही आली. झाकण मिटलं की तिचा वाटा मोकळा होतो. अ‍ॅपलची साधी एम१ चिप असलेला मॅकबुक बाहेरचा एकच मॉनिटर चालवतो. डिस्प्लेलिंकचे अडॅप्टर यातून वाट काढतात, कारण ते चित्र आवळून साध्या डेटासारखं यूएसबीवरून पाठवतात. त्याचा भार मात्र प्रोसेसरवर पडतो.

आकडा १०२४ × ७६८ किंवा ६४० × ४८० असेल तर गोष्ट वेगळी. मॉनिटरच्या आत किमान १२८ बाइटची एक छोटी नोंद असते, तिला ईडीआयडी म्हणतात. मॉनिटर कोणाचा, त्याला कोणती रेझोल्यूशन चालतात, हे सगळं तिथे लिहिलेलं. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १५ आणि १६ क्रमांकाच्या पिनांवरून लॅपटॉप ती नोंद वाचतो. तेवढ्याच पिनांचा संपर्क ढिला झाला तरी चित्र येतं, पण समोर कोण आहे हे लॅपटॉपला कळत नाही आणि तो सगळ्यात सुरक्षित, लहान आकार धरून बसतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत पिनांवर गंज चढायला वेळ लागत नाही, म्हणून इथे हा दोष आधी तपासावा. दोन्हीकडची वीज बंद करून प्लग काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या आणि घट्ट बसवा. मध्ये जुन्या व्हीजीए सॉकेटसाठीचा कन्व्हर्टर असेल तर आधी तोच काढून बघा.

दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र ठेवलं असेल तर मोठा मॉनिटर लॅपटॉपच्या १३६६ × ७६८ वर उतरणं स्वाभाविकच आहे. ‘डुप्लिकेट’ काढून ‘एक्स्टेंड’ निवडलं की झालं.

मडगाव-म्हापशाच्या दुकानात हब घ्यायला जाल तेव्हा नुसतं ‘फोर-के चालतं का’ असं विचारू नका. ‘६० हर्ट्झला चालतं का, आणि दोन मॉनिटर लावल्यावर किती’ असं विचारा. मॉनिटरलाच यूएसबी-सी असेल तर त्याच्या मेनूत जास्त रेझोल्यूशन की वेगवान डेटा असा पर्याय आहे का तेही शोधा. रेझोल्यूशन निवडलं की चारही मार्गिका चित्राला मिळतात आणि मॉनिटरवरच्या यूएसबी सॉकेटांना ४८० मेगाबिट उरतात. कीबोर्ड-माउसला ते भरपूर झाले. बाहेरची हार्ड डिस्क मात्र थेट लॅपटॉपला लावावी.