स्वायत्त महाविद्यालय की अभिमत विद्यापीठ? सांगली-साताऱ्यात आयटीचे पदव्युत्तर शिक्षण निवडताना

माहिती तंत्रज्ञानातील पदव्युत्तर शिक्षण म्हणजे आपल्याकडे बहुतेकांच्या लेखी एमसीए (संगणक उपयोजनातील पदव्युत्तर पदवी) किंवा एम.एस्सी. त्यासाठी संस्था शोधताना सांगली-सातारा भागातील पालकांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते: ‘ते कॉलेज आता स्वायत्त झाले आहे, म्हणजे विद्यापीठच झाले.’ हे निम्मेच खरे आहे. स्वायत्त महाविद्यालय असो वा अभिमत विद्यापीठ, अभ्यासक्रम संस्थेतच ठरतो, प्रश्नपत्रिका तिथेच निघते आणि निकालही तिथेच लागतो. त्यामुळे वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला दोहोंत फारसा फरक जाणवत नाही. पदवी कोण देणार, प्रवेश कोणत्या मार्गाने मिळणार आणि शुल्क कोण ठरवणार हे तीन प्रश्न विचारले की मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

महाविद्यालयाला स्वायत्तता विद्यापीठ अनुदान आयोग देतो. आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार ती प्रथम दहा वर्षांसाठी मिळते. स्वायत्त महाविद्यालयाला आपले अभ्यास मंडळ, विद्या परिषद आणि परीक्षा विभाग असतो, परंतु त्याची विद्यापीठाशी असलेली संलग्नता सुटत नाही. पदवी प्रमाणपत्र मूळ विद्यापीठच देते आणि त्यावर महाविद्यालयाचे नाव नमूद केलेले असते. सांगलीच्या विश्रामबागेतील, १९४७ मध्ये स्थापन झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण आहे: परीक्षा महाविद्यालय घेते, पदवी मात्र कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची असते.

अभिमत विद्यापीठाचे तसे नाही. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम ३ नुसार केंद्र सरकार एखाद्या संस्थेला हा दर्जा देते आणि मग ती संस्था स्वतःच्या नावाने पदवी देते. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर आयोगाने अशा संस्थांना नावापुढे नुसते ‘विद्यापीठ’ न लावता ‘अभिमत विद्यापीठ’ असा स्पष्ट उल्लेख करण्यास सांगितले. पदवीच्या कायदेशीर मान्यतेत त्याने काही उणेपणा येत नाही. पदवी शिवाजी विद्यापीठाची असो वा अभिमत विद्यापीठाची, दोन्ही तितक्याच वैध आहेत. ‘अभिमत म्हणजे दुय्यम’ हा समज जितका चुकीचा, तितकाच ‘स्वायत्त म्हणजे विद्यापीठ’ हाही.

सांगली जिल्ह्यात या गोंधळात आणखी एक भर पडते. भारती विद्यापीठ ही पतंगराव कदम यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेली शिक्षणसंस्था, आणि तिच्या काही संस्थांना १९९६ मध्ये अभिमत दर्जा मिळाला. पण त्याच शिक्षणसंस्थेची काही महाविद्यालये आजही शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. पाटीवर नाव एकच, तरी एका दारातून आत गेलेल्या विद्यार्थ्याला एका विद्यापीठाची पदवी मिळते आणि दुसऱ्या दारातून गेलेल्याला दुसऱ्या. म्हणून संस्थेच्या नावावरून काहीही ठरवू नये. त्या विशिष्ट अभ्यासक्रमाच्या पदवीवर कोणाचे नाव असेल, हे माहितीपुस्तिकेत पाहावे आणि तिथे स्पष्ट नसेल तर लेखी विचारावे.

प्रवेश आणि शुल्क यांचा विचार माझ्या मते नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, श्रेणीच्याही आधी व्हायला हवा. एमसीए २०२०-२१ पासून दोन वर्षांचे झाले आहे. महाराष्ट्रातील संलग्न आणि स्वायत्त महाविद्यालयांत त्याचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची एमसीए सीईटी आणि त्यानंतरच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्या, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातले ‘कॅप राउंड’, यांतून होतात, आणि खासगी विनाअनुदानित महाविद्यालयाचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. अभिमत विद्यापीठ या चौकटीबाहेर असते. त्याची प्रवेश परीक्षा वेगळी, वेळापत्रक वेगळे आणि शुल्कही त्याचे त्याने ठरवलेले.

शिष्यवृत्तीचा प्रश्न याच चौकटीशी बांधलेला आहे, आणि दुर्दैवाने तो प्रवेश घेतल्यानंतरच लक्षात येतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून अभिमत आणि खासगी विद्यापीठे वगळलेली आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात ५० ऐवजी १०० टक्के सवलत मिळू लागली. तिथेही अट केंद्रीभूत प्रवेशाचीच आहे, आणि व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश त्यात बसत नाही. जत किंवा माण तालुक्यातल्या एखाद्या शेतकरी कुटुंबातील मुलीसाठी या एका मुद्द्याने दोन वर्षांचे सगळे गणित बदलते. अशा वेळी मी स्वायत्त महाविद्यालयाच्या बाजूने निःसंकोच कौल देईन. सीईटी हुकली असेल, किंवा या सवलतींत आपण बसतच नसू आणि अभिमत विद्यापीठाचा विभाग खरोखर चांगला असेल, तर मात्र तो मार्ग टाळण्याचे कारण नाही.

एम.एस्सी.चा प्रवेश एमसीए सीईटीवर अवलंबून नसतो. तो विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या स्वतःच्या प्रक्रियेने होतो, त्यामुळे तिथे पदवी कोणाची हाच प्रश्न उरतो. साताऱ्यात त्याचे उत्तर अलीकडे बदलले आहे. रयत शिक्षण संस्थेची यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ उभे राहिले आहे. ते अभिमत नाही आणि नुसते स्वायत्तही नाही. राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखालचे ते विद्यापीठ आहे आणि पदवी स्वतःच्या नावाने देते. त्यामुळे या महाविद्यालयांतून पूर्वी शिकून गेलेल्या थोरल्या भावाच्या प्रमाणपत्रावर शिवाजी विद्यापीठाचे नाव असले, तरी आता प्रवेश घेणाऱ्या धाकट्याने तेच नाव आपल्याही पदवीवर येईल असे गृहीत धरू नये.