इम्पॅक्ट फॅक्टर नियतकालिकाचा, उद्धरणे संशोधकाची

विदर्भातील तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या स्थाननिश्चितीचे, म्हणजे पदोन्नतीचे, प्रस्ताव तयार होऊ लागले की दोन आकड्यांची हमखास गल्लत होते. शोधनिबंध ज्या नियतकालिकात छापला गेला त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर हा एक आकडा. आणि त्या निबंधाला मिळालेली उद्धरणे, म्हणजे इतर अभ्यासकांनी त्याचा किती वेळा संदर्भ दिला, हा दुसरा. हिमगाभ्यांवरून, म्हणजे हिमस्तरात खोलवर छिद्र घेऊन काढलेल्या बर्फाच्या दंडगोलांवरून, भूतकाळातील हवामान वाचणाऱ्या संशोधकांकडे पाहिले की या दोहोंतील अंतर विशेष स्पष्ट दिसते.

एखाद्या नियतकालिकाने २०२१ आणि २०२२ मध्ये छापलेल्या निबंधांचा २०२३ मध्ये जितक्या वेळा संदर्भ दिला गेला, त्या संख्येला त्या दोन वर्षांतील निबंधांच्या संख्येने भागले की २०२३चा इम्पॅक्ट फॅक्टर मिळतो. ही सरासरी आहे आणि ती बहुधा मोजक्या निबंधांच्या जोरावर उभी असते. महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावरून पीकविमा ठरतो तेव्हा एखाद्याचे शेत पार वाळलेले असले तरी ते त्या आकड्यात दिसत नाही. तसेच इथेही आहे.

डेन्मार्कचे विली डान्सगार्ड यांनी १९६४ मध्ये ‘टेलस’ या नियतकालिकात पाऊस व बर्फातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवर, म्हणजे त्याच्या हलक्या व जड प्रकारांवर, निबंध प्रसिद्ध केला. वाफ थंड होत जाते तसतसे जड ऑक्सिजन असलेले पाणी आधी गळून पडते. त्यामुळे ध्रुवीय बर्फातील या ऑक्सिजनचे प्रमाण तिथल्या तापमानाची खूण ठरते, हा त्याचा गाभा होय. ग्रीनलंडमधील कॅम्प सेंच्युरी येथे १९६६ मध्ये छिद्र सुमारे १,३९० मीटरवर तळाच्या खडकापर्यंत पोहोचले, आणि त्या बर्फाच्या वाचनाला हाच पाया मिळाला. साठ वर्षांनंतरही या निबंधाचा संदर्भ दिला जातो. मात्र दोन वर्षांच्या खिडकीतून पाहणाऱ्या इम्पॅक्ट फॅक्टरला त्यातले जवळजवळ काहीच दिसत नाही. या विषयाची चालच संथ आहे. गाभा काढण्यात अनेक हंगाम जातात, मग थरांचे वय ठरवायचे, बुडबुड्यांतील वायू मोजायचे, आणि त्यानंतर कुठे सागरतळाच्या गाळाचे व हवामान-प्रारूपांचे अभ्यासक तो आलेख आपल्या कामात घेतात.

उद्धरणेही निर्दोष नाहीत. अंटार्क्टिकातील व्होस्टॉकच्या गाभ्यावरून ४,२०,००० वर्षांचे हवामान मांडणारा १९९९ चा ‘नेचर’मधील निबंध १९ लेखकांचा आहे. त्याला मिळणारे प्रत्येक उद्धरण प्रत्येक लेखकाच्या खात्यात पूर्ण जमा होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत मात्र १० पेक्षा अधिक इम्पॅक्ट फॅक्टरला ३० गुण, आणि दोनपेक्षा जास्त लेखक असल्यास मुख्य लेखकास त्यांपैकी ७० टक्के व इतर प्रत्येकास ३० टक्के, अशी विभागणी आहे; म्हणजे २१ आणि ९. श्रेयाची वाटणी तरी या नियमाने केली, हे मान्य करावे लागेल. पण गुण निबंधाचे नव्हेत, नियतकालिकाच्या नावाचे मिळतात.

एखाद-दुसऱ्या गाजलेल्या निबंधाने एकूण बेरीज फुगू नये, म्हणून भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये एच-निर्देशांक सुचवला: जास्तीत जास्त किती निबंधांना किमान तितकीच उद्धरणे आहेत, ती संख्या. सहा निबंधांना ९०, ४०, १२, ५, ४ आणि २ उद्धरणे असतील तर किमान चार उद्धरणे असलेले चार निबंध नक्की आहेत, पण पाच उद्धरणांचे पाच नाहीत. म्हणून निर्देशांक ४. गूगल स्कॉलर प्रबंध व अहवालही मोजते, त्यामुळे तिथला आकडा सहसा स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या उद्धरण-सूचीपेक्षा मोठा येतो. आकडा कुठून घेतला हे प्रस्तावात लिहिलेच पाहिजे.

कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या या पट्ट्यात हिमालयाच्या बाजूचा, तिबेटमधील दासुओपू हिमनदीचा गाभा अधिक जवळचा वाटावा. २००० मध्ये ‘सायन्स’मध्ये लॉनी थॉम्पसन व सहकाऱ्यांनी त्यातील धूळ आणि क्लोराइडवरून १७९० च्या दशकातील व १८७६-७७ मधील मान्सूनची तूट दाखवली. या निबंधाला आधार मानणारे कोण आहेत, त्यांत हिमशास्त्राबाहेरचे किती आहेत आणि कोणी त्याचे निष्कर्ष खोडले आहेत का, हे त्याची उद्धरणे एकेक करून उघडल्यावर कळते. ‘सायन्स’चा इम्पॅक्ट फॅक्टर यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही.