डिकन्सची अंकटिपणे

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स (१८१२–१८७०) याने मासिक अंकांतून प्रसिद्ध होणाऱ्या आपल्या कादंबऱ्यांसाठी, अंकागणिक एक अशी तयार केलेली आखणीची पाने. लिहायला बसण्याआधी कादंबरीकाराच्या मनात काय चाललेले असते, याचा इतका ठसठशीत लेखी पुरावा फार थोड्या लेखकांनी मागे ठेवला आहे.

या पानांची गरज प्रकाशनपद्धतीतून आली. त्याच्या मोठ्या कादंबऱ्या बहुधा एक शिलिंग किमतीच्या, ३२ पानांच्या आणि दोन चित्रे असलेल्या मासिक पुस्तिकांतून निघत. १९ महिन्यांत २० अंक, कारण शेवटचा अंक जोडअंक असे. छापून गेलेल्या अंकात फेरफार करण्याची सोय नव्हती. पाचव्या अंकात केलेली चूक सोळाव्या अंकात निस्तरावी लागे. ‘पिकविक पेपर्स’ (१८३६–३७) त्याने जवळजवळ प्रसंगामागून प्रसंग असेच लिहीत नेले. ‘डॉम्बी अँड सन’पासून (१८४६–४८) मात्र मासिक अंकांच्या कादंबऱ्यांची टिपणे सलग मिळतात. हरि नारायण आपटे यांच्या ‘करमणूक’ या साप्ताहिकामुळे मराठी वाचकालाही क्रमशः कादंबरी परिचित आहे.

टिपणाचा कागद आडवा धरून त्याचे दोन भाग केलेले असत. उजवीकडे प्रकरणांचे क्रमांक, शीर्षके आणि त्यांतील घटना. हा भाग काही वेळा लेखन झाल्यावर भरलेला दिसतो. मागे काय सांगून झाले, याची नोंद म्हणून पुढे तो उपयोगी पडे. खरे मोल डाव्या बाजूचे आहे. तिथे डिकन्स स्वतःलाच प्रश्न विचारतो: अमुक पात्र या अंकात आणायचे का? उत्तर कधी ‘होय’, कधी ‘नाही’, कधी ‘इतक्यात नको’. ‘ब्लीक हाउस’च्या टिपणांत झाडूवाल्या अनाथ पोराचे, जोचे, नाव प्रश्नचिन्हासह लिहिले आहे, पुढे ‘होय’, आणि लगेच त्याला मारायचे असा निर्णय. ‘डॉम्बी’च्या पाचव्या अंकासाठी त्याने लिहून ठेवले, की लहानग्या पॉलचे आजारपण केवळ त्या मुलाच्या जाणिवांतून यावे, एरवी त्याचे वर्णन नको. प्रसंग कोणता हे ठरलेलेच होते. तो कुणाच्या नजरेतून सांगायचा, हे या एका ओळीने ठरवले, आणि त्या आजारात होणाऱ्या पॉलच्या मृत्यूची सारी ताकद तिथूनच आली आहे.

यावरून आखणी म्हणजे घटनांची यादी ही समजूत अपुरी ठरते. डिकन्सच्या लेखी ती मुख्यतः काय रोखून धरायचे आणि केव्हा सोडायचे याचा विचार होती. ‘लिटल डॉरिट’च्या शेवटाकडे त्याने मागील अंक चाळून, काय सांगितले गेले आणि कोणते धागे जुळवायचे उरले, याची वेगळी पाने केली.

आखणी बदलतही असे. जॉन फॉर्स्टर या मित्राला जुलै १८४६ मध्ये पाठवलेल्या पत्रात ‘डॉम्बी’मधला वॉल्टर गे हा तरुण हळूहळू बिघडत जाईल, असा बेत होता. प्रत्यक्षात तो सालस राहिला आणि नायिकेशी त्याचे लग्न झाले. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये डेव्हिडची बायको डोरा हिला मरू द्यावे की नाही, हे मे १८५० पर्यंत, म्हणजे कादंबरी निम्म्याहून अधिक छापून झाल्यावरही, ठरलेले नव्हते.

याच्या उलट टोकाला फ्रान्सचा कादंबरीकार एमिल झोला येतो. ‘जर्मिनाल’ या खाणकामगारांवरील कादंबरीसाठी तो फेब्रुवारी १८८४ मध्ये संप चालू असताना आंझँच्या कोळसाखाणीत उतरला, कच्चा आराखडा, पात्रांची टिपणे, प्रकरणवार योजना अशी जय्यत तयारी केली आणि एप्रिलमध्ये लेखनाला हात घातला. माहितीचा भरणा झोलाच्या टिपणांत कितीतरी अधिक आहे. मात्र निर्णय घेताना अडखळणारा लेखक डिकन्सच्या कागदांवरच जास्त जवळून दिसतो, म्हणून नव्या कादंबरीकाराने आधी हीच पाने पाहावीत.

१८७६ मध्ये फॉर्स्टरच्या निधनानंतर त्याचा संग्रह लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाला, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला मिळाला. बहुतेक टिपणे त्यात आहेत. हॅरी स्टोन यांनी १९८७ मध्ये त्यांची हुबेहूब प्रतिकृती ग्रंथरूपाने संपादित केली. १२ अंकांची योजना असलेली ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ डिकन्सच्या मृत्यूमुळे सहा अंकांवर थांबली. तिच्या उरलेल्या अंकांचा तपशील टिपणांत नसल्याने रहस्याचा उलगडा काय असावा, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.