भाद्रपदात बेंजो बेसूर का होतो?

कोकणात गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत ज्याला आपण बेंजो म्हणतो, ते वाद्य अमेरिकेतल्या चामडे ताणलेल्या बँजोपेक्षा अगदी वेगळे आहे. त्याचे दुसरे नाव बुलबुलतरंग. गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये जपानमधील नागोया शहरात तयार केलेल्या ताइशोगोतो या वाद्यापासून ते आले. टंकलेखन यंत्रासारखी बटणे दाबली की तारा खालच्या पडद्यांवर, म्हणजे आडव्या पट्ट्यांवर, टेकतात, तारेची कंप पावणारी लांबी कमी होते आणि सूर वर जातो.

खालचे सूर बरोबर लागतात, पण वरच्या सप्तकात गेल्यावर वाद्य बेसूर वाटते, ही तक्रार पावसाळ्यात हमखास ऐकू येते. अशा वेळी वादक तारांचा ताण बदलणाऱ्या खुंट्या पिळत राहतो. माझ्या मते मात्र दोष बहुधा खुंट्यांत नसून तारांच्या उंचीत आणि घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या उभ्या पट्टीच्या, जागेत असतो.

बटण दाबताना तार खाली ओढली जाते, म्हणजेच ती किंचित ताणली जाते, आणि ताण वाढला की सूर चढतो. ही वाढ उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे तार पडद्यापासून तीन मिलिमीटरऐवजी दीड मिलिमीटरवर आणली, तर ताणामुळे होणारा बिघाड निम्मा नव्हे, जवळजवळ चौथाई राहतो, शिवाय बोटांनाही कमी जोर लावावा लागतो. दमट हवेत लाकूड ओलावा शोषून फुगते, आणि तेही रेषांच्या दिशेपेक्षा आडव्या दिशेने कितीतरी अधिक. वरची फळी उचलली गेली की तिच्यावरची घोडी आणि घोडीवरच्या तारा आपोआप वर जातात.

घोडीची जागा चुकली, तर तिचा परिणाम सुरागणिक वाढत जातो. समजा, मोकळी, म्हणजे बटण न दाबता वाजणारी, तार ४०० मिलिमीटर लांब असायला हवी आणि घोडी दोन मिलिमीटर मागे सरकली आहे. मोकळ्या तारेत ही चूक अर्धा टक्का आहे, पण दोन सप्तके वर, जिथे फक्त १०० मिलिमीटर तार वाजते, तिथे ती दोन टक्के होते. मोकळी तार खुंटीने सुरात आणली, तरी वरचा सूर सुमारे दीड टक्का उतरलेलाच राहतो. अर्ध्या सुराचे अंतर साधारण सहा टक्के असल्याने दीड टक्का म्हणजे त्याचा पाव भाग, आणि तयार कानाला तो नक्की खटकतो.

म्हणून आधी तारांची उंची ठरवावी, मगच घोडीला हात लावावा. मोकळी तार ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रावर, नेमकी लावून बाराव्या अर्ध्या सुराचे बटण दाबावे. तिथे बरोबर दुप्पट वारंवारता, म्हणजे वरचा षड्ज मिळायला हवा. तो चढा असेल तर घोडी बटणांपासून दूर, उतरलेला असेल तर जवळ, एका वेळी केसभरच सरकवावी आणि प्रत्येक वेळी मोकळी तार पुन्हा लावावी. घोडी चिकटवलेली असेल, तर हे काम कारागिराकडेच द्यावे.

मात्र गंजलेल्या तारेवर हा सगळा खटाटोप वाया जातो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेतले मीठ पाणी धरून ठेवते आणि पोलादाला गंज लवकर चढतो. गंजामुळे तारेचे वजन जागोजागी असमान होते, त्यामुळे तिचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर, मूळ सुराच्या पटीत राहत नाहीत आणि घोडी कुठेही ठेवली तरी नाद मळकटच येतो. गणपतीपूर्वी तारा बदलाव्यात आणि वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसाव्यात. तार ज्या खाचेत बसते तिथे ती अडकून कटकट आवाज करत असेल, तर तिथे शिसपेन्सिलीचे टोक घासावे, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहतो.

शिमग्यापर्यंत हवा कोरडी झालेली असते आणि हीच फळी पुन्हा बसते. मग तारा पडद्यांना घासून झणझणू लागतात, आणि भाद्रपदात खाली घेतलेली घोडी पातळ पट्टी घालून उचलावी लागते.