पाणी वाट काढतंच: कोकणातल्या उतारावरच्या घरांच्या दगडी कामाची पार्श्वभूमी

कोकणात घराला सपाट जागा क्वचितच मिळाली. वर कातळाचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार. तिथे माती नाही आणि उन्हाळ्यात पाणीही नाही. खाली खाडीकाठची, नदीकाठची सपाटी, ती भातासाठी राखलेली. मधल्या उतारावर झरे होते, माती होती, म्हणून वाड्या तिथेच वसल्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जुन्या वाड्यांमध्ये घरं एकाखाली एक बसलेली दिसतात. त्यांच्यामधून जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी वर चढते आणि प्रत्येक घराचं जोतं, अंगण, परसू कुठल्या ना कुठल्या बांधाच्या आधारावर उभं असतं. आज या घरांचे बांध पोट काढतायत, अंगणं खचतायत. दुरुस्तीचा विषय निघाला की पहिलं नाव सिमेंटचं येतं. जुने बांध सिमेंटशिवाय इतकी वर्षं कसे टिकले आणि नवे काही पावसाळ्यांतच का ढासळतात, हे समजायचं तर हे काम टप्प्याटप्प्याने कसं बदललं ते पाहावं लागतं.

सुरुवात दगडापासून. जांभा हा बेसॉल्ट कुजून तयार झालेला, लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला सच्छिद्र खडक. फ्रान्सिस ब्युकॅनन याने 1807 साली छापलेल्या प्रवासवृत्तात मलबारातल्या अंगाडीपुरमच्या या दगडाचं वर्णन केलं. जमिनीत असताना तो इतका मऊ की लोखंडी हत्याराने सहज कापावा, आणि हवा लागली की विटेपेक्षा टणक. कोकणातल्या गवंड्यांना हे आधीपासून ठाऊक होतं, म्हणून चिरे, म्हणजे जांभ्याचे कापलेले ठोकळे, काढून काही महिने उन्हात सुकवायची रीत होती. उतारावरच्या घराच्या दृष्टीने मात्र जांभ्याखाली काय आहे ते जास्त महत्त्वाचं. वरचा टणक थर पाणी पिऊन घेतो. त्याखाली पांढरट-जांभळी चिकणमाती असते, ती पाणी पुढे जाऊ देत नाही. या दोहोंच्या सांध्यावर पाणी आडवं सरकतं आणि उतारावर जिथे सांधा उघडा पडतो तिथे झरा फुटतो. ज्या झऱ्यासाठी घर तिथे बांधलं, तोच झरा बांधाच्या पाठीमागेही असतो. रत्नागिरीत पावसाळ्याच्या चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथल्या सगळ्या जुन्या बांधकामाचा पाया हा हिशेब आहे.

पूर्वी चिरा हाताने निघायचा. सूत धरून खाचा पाडायच्या, टिकावाने त्या खोल करायच्या, पहारीने चिरा उचकटायचा. माप गावागणिक थोडं बदलतं, पण साधारण 14 ते 15 इंच लांब, 9 इंच रुंद, 7 इंच उंच आणि वजन 30 किलोच्या आसपास. हाताने काढलेल्या चिऱ्याच्या अंगावर हत्याराचे खरबरीत वळ राहायचे. चुना-माती न घालता रचलेल्या गडग्यात हे वळ एकमेकांत अडकतात आणि पकड देतात. आता यंत्राच्या पात्याने कापलेला चिरा गुळगुळीत येतो. भिंतीसाठी तो सरस आहे, कारण सांधा बारीक बसतो. सुक्या बांधात मात्र तो घसरतो, म्हणून थर डोंगराच्या बाजूला थोडा कलता ठेवावा लागतो.

सुका बांध, म्हणजेच गडगा, हे उतारावरचं सर्वात जुनं आणि आजही सर्वात भरवशाचं काम. डोंगराकडून हात-दोन हात खोदायचं, तीच माती पुढे टाकायची, पुढच्या कडेला बांध घालायचा आणि त्यावर जोतं. एका पायरीची उंची माणसाच्या छातीच्या वर सहसा जात नसे. त्याहून उंच हवं असेल तर मध्ये माची सोडून दुसरा बांध. तळाला शक्य तिथे काळवथर (काळा बेसॉल्ट दगड), कारण सतत ओलीत राहणारा जांभा भुसभुशीत होतो. दीड मीटर उंच बांधाला तळाशी 80-90 सेंटिमीटर जाडी आणि माथ्याला 45-50 सेंटिमीटर. दर्शनी बाजू दर सहा फुटांना सुमारे एक फूट मागे झुकलेली. दर दोन फूट उंचीला, दर तीन-चार फुटांवर एक लांब दगड आरपार घातलेला. मागे हातभर जाडीचा चिपांचा, म्हणजे दगडाच्या लहान तुकड्यांचा, थर आणि त्यामागे माती. चिपांतून पाणी खाली उतरतं, सांध्यांतून बाहेर झिरपतं आणि माती मागेच राहते.

ही रचना नुसती सवयीची नव्हती. दोन मीटर उंच भिंतीमागे मोकळी, निचरा झालेली माती असेल तर तिचा रेटा भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण 1.2 टन येतो. त्याच मातीत माथ्यापर्यंत पाणी साचलं की एकट्या पाण्याचा रेटा 2 टन होतो, भिजलेल्या मातीचा उरलेला रेटा वेगळा. एकूण 2.6 टनांच्या पुढे, म्हणजे दुपटीहून जास्त. गडग्यावर तो दुसरा आकडा कधी येतच नसे, कारण पाणी साचायला जागाच नव्हती.

चुना आला तो भिंतींसाठी. किल्ले, देवळं, मोठे वाडे यांना चुना परवडत होता. साध्या घराच्या भिंती मातीत रचलेल्या चिऱ्यांच्या असत. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करायचे, तो विरवायचे आणि बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळायचे. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ असतो. घर थोडं हललं तर चीर सांध्यात पडते, दगडात नाही. आणि दगडात शिरलेली ओल सांध्यातून सुकते. जांभ्याला अंगावर चुन्याचा गिलावा किती लागतो, याचा सर्वात मोठा पुरावा जुन्या गोव्यात आहे. 1605 साली पूर्ण झालेल्या बॉम जेझुस चर्चचा बाहेरचा गिलावा 1950च्या दशकात बाल्टझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने काढवला. लोकांना तो लाल दगड आवडतो, पण उघडा पडल्यापासून तो पावसात सतत झिजतोय. जुन्या घराचा गिलावा खरवडून ‘नैसर्गिक चिरा’ दाखवायची जी हौस आता आली आहे, तिच्यावर याहून चांगला इशारा नाही.

भारतात पोर्टलँड सिमेंटचं नियमित उत्पादन पोरबंदरला 1914च्या सुमारास सुरू झालं. कोकणातल्या वाडीपर्यंत गोणी पोचली ती पुष्कळ नंतर, रस्ता आला तशी. मुंबईत गिरणीत, गोदीत, पुढे कचेऱ्यांत काम करणाऱ्या चाकरमान्यांनी पाठवलेल्या पैशांतून घरं सुधारली आणि सुधारणेची खूण म्हणजे सिमेंट. आधी जोत्याला गिलावा, मग अंगणाला कोबा, मग गडग्याच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरणं. हेतू चांगला होता. सुक्या गडग्यात साप-विंचू राहतात, त्यात गवत वाढतं, दरवर्षी डागडुजी करावी लागते. पण दरजा भरल्या त्या दिवशी बांध धरणाची भिंत झाला, आणि त्याची जाडी मात्र गडग्याचीच राहिली.

जोत्याच्या बाबतीत नुकसान सावकाश होतं. भिंतीला चिकटून कोबा केला की अंगणाच्या जमिनीतली वाफ बाहेर पडायची वाट बंद होते आणि ओल जोत्यातून भिंतीत चढते. सिमेंटची दरज घट्ट, म्हणून पाणी दगडातून सुकतं. क्षार दगडाच्या पृष्ठभागावर फुटतात आणि चिरा पिठासारखा झडू लागतो. काही वर्षांनी दरजांची जाळी पुढे आलेली आणि दगड आत गेलेला दिसतो. तिथे पुन्हा सिमेंट थापलं तर तेच आणखी वेगाने होतं.

शेवटचा मोठा बदल जेसीबीचा. हाताने खोदताना कष्टच मर्यादा घालत होते, म्हणून पायऱ्या बुटक्या राहिल्या. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एका दिवसात चार-पाच मीटरचा उभा काप काढता येऊ लागला. गाडी दारापर्यंत यावी, मागे दोन खोल्या वाढाव्यात म्हणून हे काप घेतले जातात. बरेचदा तेवढ्यात जांभ्याचा थर संपतो आणि खालची चिकणमाती उघडी पडते. वरचा कातळ अधांतरी राहतो. त्यापुढे 9 इंची चिऱ्याची सिमेंटमधली उभी भिंत घालतात आणि तिला संरक्षक भिंत म्हणतात. तिने कशाचंही संरक्षण होत नाही. डोंगराळ भागातल्या अशा भिंतींसाठी आयएस 14458 ही भारतीय मानकं 1997-98पासून आहेत, पण घरगुती कामात ती कोणी उघडत नाही. दगडासाठी आयएस 3620 आहे: चिऱ्याची दाबशक्ती किमान 3.5 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आणि पाणी शोषण वजनाच्या 12 टक्क्यांपर्यंत. कामाच्या जागेवर साधी परीक्षा अशी की चिरा चोवीस तास पाण्यात ठेवायचा. आधीच्या वजनापेक्षा आठव्या हिश्श्याहून जास्त वाढला, किंवा नखाने कडा सुटू लागल्या, तर तो बांधाच्या तळाला वापरू नये.

या इतिहासामुळे दुरुस्तीचा क्रम आपोआप ठरतो: आधी पाणी, मग दगड. 100 चौरस मीटर छपरावर 200 मिलिमीटर पाऊस झाला तर दिवसाला 20,000 लिटर पाणी पागोळ्यांतून खाली येतं. ते पन्हळीत घेऊन बांधाच्या पलीकडे सोडलं नाही तर बाकी सगळा खर्च वाया. घराच्या डोंगराकडच्या बाजूला हातभर रुंद चर हवा, 100 फुटांना निदान एक फूट उतार असलेला, आणि तो दर मे महिन्यात साफ करायला हवा. तिथे कोसळलेली माती साचून भिंतीला टेकलेली असते, मागच्या खोल्या कुजतात त्या यामुळेच.

बांध पाहताना पोट कुठे आहे ते बघावं. मधोमध फुगला असेल तर आरपार दगड नाहीत आणि आतली भर बसून पाचरीसारखी दर्शनी थराला ढकलते आहे. सगळाच बांध माथ्यापासून पुढे कलला असेल तर तळ सुटलाय, बहुधा पायथ्याशी पाणी माती खातंय. पहिल्या प्रकारात तेवढा भाग उतरवून पुन्हा रचता येतो. दुसऱ्यात पायापासून सुरुवात. उतरवताना एका वेळी दोन-तीन मीटरच उघडावं, दिवाळीनंतर काम सुरू करून मार्चपर्यंत संपवावं. पाया घट्ट थरापर्यंत, किमान दीड-दोन फूट, आणि त्याचा तळ डोंगराकडे कलता. दोन चिऱ्यांचे उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नयेत. मागच्या चिपा प्रत्येक थराबरोबर हाताने बसवाव्यात. शेवटी टोपल्या ओतल्या की पोकळ्या राहतात आणि पुढच्या पावसात माथा खचतो. चिपा आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाईल कापड घातलं तर माती चिपांत शिरत नाही. जुन्या कामात हे नव्हतं, पण ही भर घालण्यासारखी आहे.

जिथे सिमेंटची भिंत आधीच उभी आहे आणि पाडणं शक्य नाही, तिथे निदान वाट करून द्यावी. 3 इंची पाइप, दर चार-पाच फुटांवर, खालची ओळ जमिनीपासून वीतभर वर, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. मागे चिपा नसतील तर भोकं एका पावसात मातीने बुजतात, म्हणून निदान भोकांमागे तरी खड्डा करून खडी भरावी. नुसती ड्रिलने भोकं पाडून समाधान मानणारं काम फार दिसतं आणि ते फुकट जातं.

अंगणात पेव्हर बसवायचे तर जोत्यालगत दीड फुटाची पट्टी मोकळी सोडून तिच्यात खडी घालावी, उतार घरापासून दूर, 50 फुटांना एक फूट. उखडलेले चिरे टाकून देऊ नयेत; झिजलेली बाजू आत फिरवून ते पुन्हा वापरता येतात. वड-पिंपळाचं रोप दरजेत मोठं झालं असेल तर ते ओढून काढू नये. छाटून मुळं मरू द्यावीत आणि तो भाग उतरवतानाच काढावीत.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. 2005 साली महाड तालुक्यात दासगाव-जुईला आणि 2021 साली तळियेला दरडी कोसळून जे झालं, ते कुठल्याही गवंड्याच्या भिंतीने थांबलं नसतं. घराच्या वरच्या उतारावर आडव्या भेगा दिसल्या, झाडं कलली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा बंद झालं, तर दगडकाम बाजूला ठेवून घर सोडावं आणि भूगर्भतज्ज्ञाकडून पाहणी करून घ्यावी.

आणि पाखाडीकडेही पाहावं. तिच्या कडेने पूर्वी पाण्याची अरुंद चर असायची. पायऱ्यांवर काँक्रीट ओतताना ती बहुतेक ठिकाणी बुजली. आता ते पाणी पायऱ्यांवरून धावत येतं आणि वळणावरच्या घराच्या बांधामागे शिरतं. ते आधी वळवलं नसेल, तर त्या घराचा बांध उतरवायला घेऊ नये.