तुमच्या एचटी सबस्टेशनचं संरक्षण आणि बसबार: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

२२ केव्हीवर (एचटी, म्हणजे उच्च दाबाने) वीज घेणाऱ्या आमच्या बहुतेक ग्राहकांना ट्रान्सफॉर्मरची किंमत तोंडपाठ असते, महिन्याच्या बिलाचा आकडा तर असतोच. पण "रिलेचं सेटिंग काय ठेवलंय?" असं विचारलं की मालक वायरमनकडे बघतात आणि वायरमन पॅनेलकडे. यात दोष कुणाचाच नाही. रिले, म्हणजे बिघाड ओळखून वीज तोडायचा इशारा देणारं उपकरण, वर्षानुवर्षं नुसता बसून असतो, त्याच्याकडे लक्ष जायचं कारणच पडत नाही. आणि ज्या दिवशी त्याचं काम पडतं, त्या दिवशी त्याला अर्धा सेकंदही मिळत नाही. म्हणून शटडाऊन घेऊन (वीज बंद ठेवून) चाचणीला येण्याआधी हे चार कागद आम्ही तुमच्या हातात देतो. सावकाश वाचा, आणि वायरमनलाही वाचायला द्या.

ट्रिप होतं म्हणजे काय होतं

फॉल्ट (शॉर्ट सर्किटसारखा बिघाड) तोडतो तो ब्रेकर, म्हणजे तुमच्या पॅनेलमधला व्हीसीबी (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर). पण ब्रेकरला स्वतःहून काही कळत नाही. सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, लाईनमधला करंट लहान करून रिलेला दाखवते. करंट ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला की रिले आपला संपर्क जोडतो. त्या संपर्कातून बॅटरीचा डीसी ट्रिप कॉइलला जातो, कॉइल खिटी ओढते आणि स्प्रिंग ब्रेकर उघडते. सीटी, रिले, बॅटरी, कॉइल, ब्रेकर: या पाचांतलं एक जरी गळालं तरी बाकीच्या चारांचा उपयोग शून्य.

आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा गळते ती बॅटरी.

एका कारखान्यात गुरुवारच्या सुट्टीत आम्ही चाचणीला गेलो होतो. तिथला व्हीसीबी महिन्यातून दोनदा तरी चालू-बंद व्हायचा आणि कधी अडायचा नाही. चार्जरच्या मीटरवर ३० व्होल्ट व्यवस्थित दिसत होते. आम्ही चार्जरचा एसी पुरवठा बंद केला आणि ट्रिपचं बटण दाबलं. 'खट्' असा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. बटण दाबून धरलं तेव्हा मीटरचा काटा ११ व्होल्टवर उतरला होता. बॅटरीचं झाकण उघडलं तर दोन सेलच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी साचलेली. इतके दिवस ब्रेकर चालत होता तो चार्जरच्या जिवावर. खरा फॉल्ट होतो तेव्हा मात्र तुमच्याच लाईनचं व्होल्टेज कोसळतं आणि त्याच क्षणी चार्जरही लंगडा पडतो. त्या क्षणी साथ द्यायला फक्त बॅटरी असते.

म्हणून ट्रिपची परीक्षा चार्जर बंद ठेवूनच घ्यायची, असा आमचा हट्ट आहे. पॅनेलमध्ये बॅटरीऐवजी कपॅसिटरचा पॉवर पॅक असेल, तर त्यालाही हीच परीक्षा.

सीटीबद्दल एकच गोष्ट सांगतो, पण ती कधीही विसरू नका. लोड चालू असताना सीटीची सेकंडरी (रिले-मीटरकडची बाजू) उघडी करायची नाही. मीटर काढायचा असो की वायर बदलायची, आधी ती शॉर्ट करा. उघड्या टोकांवर जीव घेण्याइतकं व्होल्टेज तयार होतं.

सेटिंग: कमी नको, जास्तही नको

१००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर २२ केव्हीवर पूर्ण लोडला साधारण २६ अँपिअर घेतो. समजा ओव्हरकरंट रिले ३० अँपिअरला लावला, टीएमएस (रिलेच्या वेळेचा गुणक) ०.१ ठेवला आणि नेहमीची नॉर्मल इन्व्हर्स कर्व्ह निवडली. करंट दुप्पट, म्हणजे ६० अँपिअर झाला, तर रिले सुमारे एका सेकंदात काम करतो. १५० ला ०.४३ सेकंद, ३०० ला ०.३ सेकंद. फॉल्ट जितका मोठा तितकी घाई, हे या कर्व्हचं सगळं मर्म.

मग टीएमएस आणखी कमी करून सगळंच झटपट का करू नये? कारण ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना क्षणभर पूर्ण लोडच्या आठ-दहा पट करंट ओढतो. तात्काळ ट्रिपचं सेटिंग त्याच्या खाली असेल, तर दर वेळी चार्ज करतानाच ब्रेकर उडेल. मग कंटाळून कुणीतरी ते सेटिंग पार वर नेऊन ठेवतो आणि खऱ्या फॉल्टला रिले गप्प बसतो. असं आम्ही बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे.

वरच्या बाजूलाही एक रिले असतो, महावितरणच्या सबस्टेशनमधल्या फीडरचा (तुमच्याकडे वीज आणणाऱ्या लाईनचा). तुमचा रिले त्याच्या आधी चालला पाहिजे, आणि दोघांत साधारण ०.३ सेकंदांचं अंतर हवं. तुमचा मागे पडला तर फॉल्ट तुमच्या आवारात आणि अंधार साऱ्या वसाहतीत. म्हणून महावितरणच्या चाचणी विभागाशी ताळमेळ घातल्याशिवाय आम्ही सेटिंग बदलत नाही, तुम्हीही बदलू नका.

फॉल्ट नसताना उडालेला रिलेही किती महागात पडतो, ते देशाने ३० जुलै २०१२ ला पाहिलं. पहाटे अडीचच्या सुमारास ४०० केव्हीची बिना–ग्वाल्हेर लाईन ट्रिप झाली. लाईनवर फॉल्ट नव्हता. लोड इतका चढला होता आणि व्होल्टेज इतकं उतरलं होतं की डिस्टन्स रिलेच्या (करंट आणि व्होल्टेजवरून फॉल्ट किती लांब आहे ते ठरवणाऱ्या रिलेच्या) तिसऱ्या, म्हणजे लांबच्या टप्प्याच्या झोनला तोच फॉल्ट वाटला. उत्तर भारताची ग्रिड कोसळली. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरेसोबत पूर्वेची आणि ईशान्येचीही गेली.

आणखी एक गैरसमज दूर करायचा आहे. "एचटीला अर्थ फॉल्ट रिले आहे, मग एलटीला कशाला?" असं हमखास विचारलं जातं. तुमचा ट्रान्सफॉर्मर डेल्टा-स्टार आहे, म्हणजे एचटीची गुंडाळी डेल्टा जोडणीत आणि एलटीची (कमी दाबाची) स्टार जोडणीत. एलटी बाजूला एक फेज जमिनीला टेकला, तर तो करंट डेल्टामध्ये फिरत राहतो आणि एचटीच्या अर्थ फॉल्ट रिलेला दिसतच नाही. त्यासाठी एलटीच्या एसीबीमध्ये (एअर सर्किट ब्रेकरमध्ये) स्वतःचं अर्थ फॉल्ट संरक्षण हवं, किंवा न्यूट्रलवर वेगळी सीटी. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा, इथे नको.

बुखोल्झ रिले तेलाच्या ट्रान्सफॉर्मरच्या आतला बिघाड ओळखतो. तो टाकी आणि कन्झर्वेटर (वरची तेलाची छोटी टाकी) यांच्या मधल्या पाईपवर असतो. त्यात गॅस साचून अलार्म आला, तर गॅस सोडून ट्रान्सफॉर्मर पुन्हा चार्ज करू नका. आधी आम्हाला फोन करा.

बसबार: सगळे फीडर जिथे येऊन मिळतात

बसबार म्हणजे पॅनेलमधल्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. त्यांची मांडणी कशी असावी, हे एकाच प्रश्नावर ठरतं: बस बंद पडली तर तुमचं किती नुकसान होतं?

लहान कारखान्याला एक बस पुरते. मात्र तिच्यावर काही झालं, किंवा एक नट आवळायचा झाला, तरी सगळा कारखाना बंद. दोन ट्रान्सफॉर्मर असतील तर बसचे दोन भाग करून मध्ये बस कपलर (दोन्ही भाग जोडणारा ब्रेकर) बसवावा, ही आमची स्पष्ट शिफारस. एका भागावर काम चालू असताना दुसरा चालू राहतो. एक ट्रान्सफॉर्मर गेला तर कपलर लावून गरजेचा लोड दुसऱ्यावर घेता येतो.

१३२ आणि २२० केव्हीच्या मोठ्या सबस्टेशनमध्ये मेन आणि ट्रान्सफर बस किंवा दुहेरी बस दिसते. तिथे एखादा ब्रेकर दुरुस्तीला काढला तरी त्याचा फीडर दुसऱ्या वाटेने चालू ठेवता येतो. ४०० केव्हीला दीड ब्रेकरची मांडणी असते, म्हणजे दोन फीडरमागे तीन ब्रेकर. अशा ठिकाणी बसला स्वतःचं डिफरन्शियल संरक्षण असतं: बसमध्ये जितका करंट आला तितकाच बाहेर गेला पाहिजे, फरक पडला की ती बस तोडायची. तुमच्या पॅनेलमध्ये हे बहुधा नसतं. बसवरचा फॉल्ट इनकमर, म्हणजे वीज आत आणणारा ब्रेकरच तोडतो, तोही आपला वेळ घेऊन. म्हणून बसवर फॉल्ट होऊच न देणं हेच तुमचं पहिलं संरक्षण.

आता कपलरच्या किल्ल्यांबद्दल. दोन इनकमर आणि एक कपलर, अशा तीन ब्रेकरना तीन कुलुपं असतात आणि किल्ल्या दोनच. म्हणजे तिन्ही एकाच वेळी लागू शकत नाहीत. एका ठिकाणी आम्हाला पॅनेलमागच्या खिळ्याला सुतळीने बांधलेली तिसरी किल्ली सापडली. "डीजीवरून (जनरेटरवरून) बदलताना दोन मिनिटं लाईट जाते, म्हणून बनवून घेतली," असं सांगण्यात आलं. हेतू चांगला होता, पण हिशेब बघा. १००० केव्हीएच्या एका ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स (करंटला होणारा आतला अडथळा) ५ टक्के धरला, तर एलटीला फॉल्टचा करंट साडेसव्वीस हजार अँपिअरच्या आसपास येतो. दोन समांतर लागले की त्रेपन्न हजार. पॅनेल सोसतं पन्नास हजार अँपिअर. केबलमुळे आकडा थोडा उतरतो हे खरं, पण समोर उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्या थोड्यावर टांगायचा नसतो. ती किल्ली आम्ही मालकांच्या परवानगीने तिथेच कापली.

बसची निगा राखायला फार खर्च येत नाही. केबल जिथून आत येतात ती भोकं बंद ठेवा, कारण उंदीर आणि पाली तिथूनच शिरतात. पावसाळ्यात पॅनेलमधला स्पेस हीटर चालू ठेवा. धूळ आणि दमट हवा एकत्र आली की इन्सुलेटरवरून करंट रांगायला लागतो. तांबं आणि ॲल्युमिनियम जिथे जोडले जातात तिथे बायमेटल वॉशर हवाच. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. जोर लावून आवळलेलं ॲल्युमिनियम दबतं आणि पुढे सांधा सैल होतो. आवळून झालं की आम्ही बोल्टवरून पट्टीपर्यंत मार्करने एक रेघ ओढतो. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय हे बघताक्षणी कळतं. आणि दार लावण्याआधी पाने (स्पॅनर) मोजा, प्रत्येक वेळी.

आम्ही येऊ तेव्हा

सिंगल लाईन डायग्राम, मागचा चाचणी अहवाल आणि पॅनेलच्या किल्ल्या तयार ठेवा. साध्या एका व्हीसीबीच्या सबस्टेशनला अर्धा दिवसाचा शटडाऊन धरा. तुमचा वायरमन पूर्ण वेळ आमच्यासोबत हवा, रात्री-अपरात्री पॅनेलसमोर तोच असतो. काम संपल्यावर सगळी सेटिंग्ज एका कागदावर लिहून तो आम्ही पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवतो. तो कागद काढू नका. पुढे कुणीही सेटिंग बदललं, तर तारीख आणि सही त्याच कागदावर घ्या.