पहिली पावलंच सगळ्यात जड

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून ‘बाउंड्री वॉटर्स’ हा राखीव रानप्रदेश आहे. सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचं जंगल आणि त्यात हजाराहून जास्त तळी. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची हलकी निमुळती होडी, पालथी करून खांद्यावर घ्यायची, पायवाट तुडवायची आणि पलीकडे ती पुन्हा पाण्यात सोडायची.

कनूच्या मोसमात इथे तंबू मात्र मनाला येईल तिथे ठोकता येत नाही. मुक्कामाच्या दोन हजारांच्या आसपास जागा ठरवून दिल्या आहेत. प्रत्येक जागी लोखंडी जाळीची चूल आणि झाडीत आत एक संडास. एका गटात जास्तीत जास्त ९ माणसं. इतकं रान मोकळं असताना सगळ्यांना त्याच त्या जागांवर का पाठवायचं? लोक पांगले तर कुठल्याच जागेवर भार पडणार नाही, असं वाटणं साहजिक आहे. जमिनीवर घडतं ते नेमकं उलट.

दाट सावलीत वाढणाऱ्या रुंद पानांच्या वनस्पतींचे देठ उंच आणि लुसलुशीत असतात. थोडी माणसं चालून गेली की त्या मोडतात. मग पालापाचोळ्याचा थर विस्कटतो, खालची माती उघडी पडून दबते, तिच्यातली हवेची पोकळी चेपली जाते. पाऊस आत मुरण्याऐवजी वरून वाहू लागतो आणि जाताना माती नेतो. यातलं बरंचसं नुकसान पहिल्या काही मुक्कामांतच होऊन जातं. त्यानंतर माणसं दुप्पट झाली तरी नुकसान दुप्पट होत नाही, कारण मोडण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं. भरून येणं मात्र फार संथ. हिमयुगातल्या हिमनद्यांनी इथला खडक खरवडून काढला, त्यामुळे वर मातीचा थर पातळ आहे. त्यात उन्हाळा आखूड. उजाड झालेली जागा पुन्हा हिरवी व्हायला अनेक वर्षं जातात.

म्हणून शंभर गट एकाच जुन्या जागेवर राहिले तर एक जागा झिजलेली राहते. तेच गट शंभर नव्या जागी उतरले तर शंभर जागा बिघडतात. मला या व्यवस्थेतला हा हिशेब फार मोलाचा वाटतो. फक्त एक पथ्य आहे: जुनी जागा कडेकडेने पसरू द्यायची नाही. आणखी एका तंबूसाठी झुडपं बाजूला सारली की नव्या मातीवर तीच पहिली पावलं पडतात.

पाण्याचं गणित वेगळं. ही तळी स्वच्छ दिसतात, कारण त्यांत पोषकद्रव्यं फार कमी आहेत. शेवाळाची वाढ बहुधा फॉस्फरसच्या तुटवड्यामुळे रोखलेली असते. अन्नाचे कण, सांडपाणी पाण्यात गेलं की तो लगाम सैल होतो. भांडी घासायची ती काठापासून किमान १५० फूट आत, असा नियम त्यासाठीच. ‘जैवविघटनशील’ साबणही त्याला अपवाद नाही; तो नीट कुजतो तो मातीतल्या जिवाणूंमुळे. मातीत मुरता मुरता पाणी गाळलं जातं आणि झाडांची मुळं त्यातली पोषकद्रव्यं शोषून घेतात.

ठरवून दिलेल्या जागा नसलेल्या दुर्गम रानात हाच हिशेब उलटा लावावा लागतो. तिथे एकामागून एक चाललं की नवी पायवाट पडते. त्यापेक्षा पांगून चालावं, पाऊल शक्यतो खडकावर, रेतीवर किंवा वाळक्या गवतावर टाकावं आणि दुसऱ्या रात्री मुक्काम हलवावा. आधीपासून पायवाट असेल तर मात्र तिच्या मधूनच जायचं, चिखल असला तरीही. बूट वाचवायला कडेने गेलं की वाट रुंदावते.